राखेतली पाच बोटं

कांदिवली,
१८ नोव्हेंबर १९५६

प्रिय विमल,

ट्रेनिंग कॉलेजात आपल्याला शिकवलं ते सगळं झूट आहे, असं मी आज जाहीर करते. म्हणे पाठ मुलांच्या अनुभवातून फुलवावा! माझ्या दुसरीच्या वर्गाला रात्रीचा अनुभव एकच, आणि तो म्हणजे भूत. 'रात्री फिरणारे प्राणी' हा पाठ काढून विचारलं, "रात्री कोण जागं असतं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "भूऽऽत!" निम्मी पोरं अंधारात परसाकडंसुद्धा जात नाहीत. सकाळी घरोघरी गाद्या वाळत असतात ते उगाच नाही.

मग मी पुस्तक मिटलं. एकेकाचे डोळे बांधले आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळी कुठून आली ते ओळखायचं, घुबड उंदराला ओळखतं तसं. वटवाघूळ अंधारात आवाज टाकतं आणि तो कशावर आपटून परत आला की समोर काय आहे ते त्याला कळतं, असं सांगितलं तर लवू म्हणतो, "विहिरीत ओरडल्यावर होतं तसं ना बाई?" पोरं हुशार आहेत गं. आपणच त्यांना भिववून ठेवलंय.

पण खरी गंमत पुढंच आहे. मी त्यांना घरचा अभ्यास दिला. झोपायच्या आधी चुलीतली राख चाळून परसात पसरायची, सकाळी बघायचं कोण येऊन गेलं, आणि पाटीवर पाऊल काढून आणायचं. विमल, काय सांगू! उंदीर, घूस, बेडूक, मांजर, सगळे हजर. भुताचं पाऊल एकालाही मिळालं नाही, म्हणून दोघं-तिघं जरा नाराजच झाले.

आणि शेवंती बोलली! तुला मागं लिहिलं होतं बघ, आमच्या वाडीत मागच्या खोलीत गिरणीवाला दत्ताराम राहतो, मालवणकडचा, मागात सापडून एक बोट गेलेला. त्याची बायको जानकी पावसाळ्यात विषमज्वरानं गेली. तेव्हापासून तो कायमची रातपाळी मागून घेऊन बसलाय, म्हणतो रात्री त्या खोलीत डोळा लागत नाही. सकाळी येतो, पोर शाळेत जाते. संध्याकाळी पोर खेळून येते, तो निघतो. शेवंती रात्री माझ्याजवळ झोपते. इतके महिने वर्गात हूं की चूं नाही. ती परवा पाटी घेऊन उभी राहिली. "बाई, माझ्या राखेत पाच बोटं."

मांजराच्या पावलाची चारच उमटतात. पाच म्हणजे उदमांजर! मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरीचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. आता रोज राख पसरते, रोज पाटी भरून आणते.

आमच्या पप्पांना मात्र या पाहुण्याचा पत्ता लागल्यापासून चैन नाही. जानेवारीत माझ्या भावाचं, मॅथ्यूचं लग्न, त्यासाठी पाळलेल्या कोंबड्या एकेक करून गायब होताहेत. उदमांजर ताडी पितं, पण दारूबंदीनं ताडावरची मडकी उतरली म्हणून हे जनावर कोंबड्यांवर आलं, असं त्यांचं मत. म्हणजे यातही सरकारचीच चूक.

तूही तुझ्या वर्गात हा पाठ घेऊन बघ, आणि कसा झाला ते कळव.

तुझी,
कार्मेन


घाटकोपर,
२४ नोव्हेंबर १९५६

कार्मेन बये,

पाठ घेतला. आमच्या चाळीत परस नाही, म्हणून पोरांनी शेगडीची राख गॅलरीत पसरली. सकाळी तीत घरमालकाच्या वहाणा उमटल्या आणि दुपारी घरमालक शाळेत उमटला. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता थट्टा पुरे. तुझं पत्र मी रात्री पुन्हा वाचलं आणि तशीच उठून लिहायला बसले.

अगं वेडे, तू राख कुणाला पसरायला सांगितलीस? तुझा काही दोष नाही, तुमच्यात हे नसतं. आमच्याकडे कोकणात माणूस गेलं की त्याच्या दिवसांत एका रात्री दिव्याशेजारी पीठ नाहीतर राख चाळून पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी घरातली सगळी जमतात, टोपली उचलतात आणि बघतात काय उमटलंय ते. पक्ष्याचा पाय दिसला तर गेलेलं माणूस पक्षी झालं. गाईचं खूर दिसलं तर गाय. ते शेवटचं येऊन भेटून गेलं असं मानतात.

त्या पोरीनं हे पाहिलं असणार. आईच्या वेळी गावी नेलं होतं ना तिला? आणि मग बाईंनी वर्गात सांगितलं, राख पसरा, बघा रात्री कोण येतं! तिला पाच बोटं दिसली. हातालाही पाचच असतात, कार्मेन.

कदाचित मी उगाच घाबरत असेन. पण तिला हळूच विचार, राखेत कोण येतं म्हणून. तू काही सुचवू नकोस, तिलाच बोलू दे. आणि लगेच लिही.

विमल


कांदिवली,
२ डिसेंबर १९५६

विमल,

तुझं खरं निघालं. आठवडाभर मला एका जागी बसवत नाहीये. हे पत्रही चारदा उठून पूर्ण करतेय.

मी तिचे केस विंचरताना विचारलं. ती इतक्या साधेपणानं बोलली की जसं काही मला माहीतच आहे. "आई येते." गावी टोपली उचलली तेव्हा पीठ कोरं होतं म्हणे, एक रेघ नाही. चुलता म्हणाला, "काही आलं नाही." आणि सगळे उठून गेले. ही तिथंच बसून राहिली. मग तिनं स्वतःच उत्तर शोधलं. म्हणाली, "बाई, आईला गावची वाट कुठं नीट माहीत होती? ती तर इथंच राहायची. म्हणून इथं आली."

 मी तिची वेणी घातली, सोडली आणि परत घातली.

ती रोज राखेजवळ बशीत केळं ठेवते. आईला केळं आवडायचं. उदमांजरालाही आवडतं, हे वर्गात मीच शिकवलं. ते जगतं कसं, तर फळ, उंदीर, किडे, कोंबडी, मिळेल ते खातं. दिवसा झाडाच्या ढोलीत झोपतं. एकदा खाणं सापडलं की वास घेत रोज त्याच वाटेनं येतं. मुलं हे सगळं सुरात म्हणतात. पप्पांनी ओट्यावर बसून ते ऐकलं आणि मांडी थोपटली. "रोज त्याच वाटेनं काय? झकास!" सुताराला पिंजरा सांगून आले. पिंजरा त्याच वाटेवर ठेवणार आणि सापडलं की काठीनं निकाल लावणार. माझ्याच पाठावरून, विमल!

त्यांना अडवू कशी? मॅथ्यूच्या लग्नाला सगळा गाव जेवणार आणि कोंबड्या उरल्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. खरं सांगितलं तर म्हणतील, ख्रिस्ती घरात हे कसलं खूळ. फादरना विचारलं, तर ते म्हणाले, मुलीला स्वर्गाबद्दल सांग. मी सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथून इथं यायला किती वेळ लागतो?"

आणि मी तरी कोण सांगणारी? दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही आमच्या मम्मीच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. ती बघेल म्हणूनच लावल्या ना? पण मी शिक्षिका आहे. डोळ्यांनी नीट बघायला मीच त्यांना शिकवलं. आता हिला एकटीलाच चुकीचं बघू देऊ?

सांगू का तिला, की ते नुसतं जनावर आहे? पिंजरा तयार व्हायच्या आत लिही.

कार्मेन


घाटकोपर,
८ डिसेंबर १९५६

कार्मेन,

सांगू नकोस. आणि मला शास्त्र ऐकवू नकोस. आधी मी काय सांगते ते ऐक. हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही.

आमचे दादा, म्हणजे वडील, गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पीठ पसरलं, टोपली घातली. पहाटे मला जाग आली तेव्हा काका टोपलीशी बसले होते. त्यांनी ती एका हातानं उचलली, दुसऱ्या हाताच्या बोटानं पिठात तीन रेघा ओढल्या आणि टोपली होती तशी ठेवून दिली. मी डोळे मिटून घेतले. सकाळी सगळ्यांसमोर टोपली निघाली आणि काका म्हणाले, "चिमणी. वहिनी, बघा, चिमणीचा पाय."

तोवर आई अंथरुणातून उठत नव्हती. त्या दिवशी ती उठली आणि अंगणात तांदूळ टाकले. आजही टाकते. इथं चाळीत, गॅलरीच्या कठड्यावर. शेजारणी कुरकुरतात, चिमण्या घाण करतात म्हणून. मी त्यांच्याशी भांडते, पण आईला कधी एक अक्षर बोलले नाही. मी खरं सांगितलं असतं तर आईकडे काय उरलं असतं?

म्हणून म्हणते, पोरीच्या हातातलं काढून घेऊ नकोस. त्यापेक्षा पप्पांना आवर. तू त्यांची लाडकी, एवढंही जमत नाही? वर्गात तर वाघ असतेस. घरी काय होतं गं तुला?

आणि जेवत जा. तुझं अक्षर कुठल्या कुठं चाललंय.

विमल


कांदिवली,
१७ डिसेंबर १९५६

विमल,

काल सापडलं ते.

मी पप्पांना सांगायला रोज तोंड उघडत होते आणि रोज लग्नाच्या गोष्टी मध्ये येत होत्या. असं करत करत रविवार उजाडला. चर्चमधली मिसा ऐकून परत आलो तर पिंजऱ्याभोवती अख्खी वाडी जमलेली. आत ते काळपट जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, डोळे किलकिले केलेले. पोरं काड्या घालून टोचत होती. पप्पा कोट काढून काठी शोधायला गेले.

शेवंती माझ्या हाताला धरून होती. ती हात सोडून पळाली आणि घरातून लुगडं घेऊन आली. जानकीचं हिरवं लुगडं. सगळ्यांना बाजूला सारून तिनं ते पिंजऱ्यावर टाकलं आणि चारी बाजूंनी नीट खोचलं. मला म्हणाली, "बाई, उजेडात त्यांचे डोळे दिपतात ना? तुम्हीच सांगितलंत."

पोरांनी काड्या खाली टाकल्या. पप्पा काठी घेऊन आले ते तसेच उभे. "लुगडं कुणाचं हे?"

"आईचं."

"काढ ते."

"बर्नार्डकाका, आत्ता तिला दिसत नाही. अंधार पडल्यावर सोडा."

मग मी बोलले. सगळ्या वाडीसमोर, मोठ्यानं, राख, पीठ, केळं, सगळं सांगितलं. बोलताना वळून बघते तर मागं दत्ताराम उभा! रातपाळीवरून आलेला, डबा हातात. त्यानं बायकोचं लुगडं पिंजऱ्यावर पाहिलं आणि खाली मान घालून मला म्हणाला, "बाये, गावाक पिठात काय एक उमटाक नाय. चेडू टोपलेकडे बघीत रवला. तेका मी काय सांगूचा?"

पप्पांनी काठी कुंपणाला टेकवली. "कसलं हे खूळ," एवढंच म्हणाले. पण एका मेलेल्या बाईच्या लुगड्याखाली काठी कशी घालणार? संध्याकाळी त्यांनी आणि मॅथ्यूनं पिंजरा बैलगाडीत घातला आणि पार बोरिवलीच्या डोंगरात नेऊन सोडला. लुगडं घडी करून परत आणलं. पप्पांनी घातलेली घडी, म्हणजे नुसता बोळा.

मला वाटलं, मिटलं. पण शेवंती परत राख घेऊन बसली. म्हणते, वास घेत येईल. आज सकाळी राख कोरी होती. ती बघत राहिली, गावी राहिली होती तशीच. बोलली नाही, जेवली नाही. शाळेतही तशीच बसून होती.

विमल, दुसऱ्यांदा कोरं! हे मी केलं. तुझे काका डोळ्यांपुढून हलत नाहीत. चार दिवस वाट बघते, नाहीतर मीच राखेत बोटं उठवते. उठवू का? कार्डानं कळव.

कार्मेन


(पोस्टकार्ड)
घाटकोपर,
२० डिसेंबर १९५६

कार्मेन, उठव. विचार करत बसू नकोस. बोटांची टोकंच टेकव, तळवा नको. नखं काढायला विसरू नकोस. आणि हे कार्ड वाचून चुलीत घाल. विमल


कांदिवली,
२७ डिसेंबर १९५६

प्रिय विमल,

नाताळ झाला. आमच्याकडचे मैद्याचे तळलेले फुगे आणि नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या, मॅथ्यूबरोबर पाठवतेय. फुगे आजच खा, नाहीतर दगड होतात.

कार्ड चुलीत घातलं, पण धीर होईना. रोज ठरवायची आणि रोज तशीच पडून राहायची. नाताळच्या आदल्या दिवशी मात्र उजाडताच उठले. शेवंती झोपली होती. परसात गेले, वाकले, हात पुढं केला, तर राखेत आधीच बोटं उमटलेली!

पण कसली बोटं, बाई! एवढाली. दोन हातांनी, शेजारी शेजारी टेकवलेली. एका हाताची पाच आणि दुसऱ्याची चारच, मध्ये एक जागा रिकामी.

दत्ताराम विहिरीवर हात धूत होता. अंगावर गिरणीचेच कपडे, दाढीला कापूस. मला बघून चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, "तेका बरा वाटात." मी राख सारखी करायला धावणार, एवढ्यात दार वाजलं आणि शेवंती बाहेर आली.

ती उकिडवी बसली. मी शिकवलंय तशी आधी लांबून बघितली, मग जवळून. नखं बघितली, नव्हती. बोटं मोजली. "पाच," म्हणाली. मग, "चार." आपला तळवा त्यावर धरून बघितला.  इतक्या पोरांना पावलं वाचायला शिकवली त्याचा मला तेव्हा इतका पश्चात्ताप झाला!

ती म्हणाली, "बाई, हे जनावर नव्हे. हे बाबा."

दत्ताराम विहिरीत बघायला लागला. शेवंती त्याच्याकडे वळली. मला वाटलं, आता हंबरडा फोडते. तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही रात्री काय खाता?"

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "पाव. आणि च्या."

"रोज?"

"रोज."

"वाट दिसते येताना?"

"दिसता. सवय झाली."

हे सगळं आमच्या पाठातलं होतं गं! काय खातात, अंधारात कसं दिसतं, वाट कशी सापडते. वर्गात सगळ्या प्राण्यांबद्दल विचारलं, बापाबद्दल विचारायचं तेवढं राहिलं होतं. तिनं बशीतलं केळं उचललं, त्याच्या हातात दिलं आणि तो खाईपर्यंत समोर उभी राहिली. तो केळं खात होता आणि रडत होता. मीही रडत होते. पप्पा ओट्यावरून ओरडले, "नाताळ आहे की कुणी मेलंय?" आणि मग त्यांची त्यांनीच जीभ चावली.

त्या रात्री ती मला म्हणाली, "मग आई कुठं गेली?" मी सांगितलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला पण?" आणि झोपली. खोटं सांगायची माझी तयारी होती, पण तोंडातून हेच निघालं.

आता ती राख पसरत नाही. बाबांचा डबा मात्र स्वतः भरते आणि सकाळी फाटकात उभी राहते. दत्ताराम दिवसपाळी मागणार आहे म्हणतो. मिळेल तेव्हा खरं.

तू रागावशील का गं? तुझ्या काकांचं जमलं आणि आमच्या दत्तारामचं फसलं. पण फसलं असंही म्हणवत नाही मला.

तुझी,
कार्मेन


घाटकोपर,
५ जानेवारी १९५७

प्रिय कार्मेन,

फुगे दुसऱ्या दिवशी खाल्ले. दगडच होते. चहात बुडवून खाल्ले, पण एक टाकला नाही.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. दाखवायचं नव्हतं, पण तिनं 'कुणाचं गं' विचारलं आणि मी वाचत सुटले. दत्तारामच्या बोटांपाशी आले आणि तेवढं दोनदा वाचलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजींनीही तसंच केलं होतं."

मी पत्र खाली ठेवलं. म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"चिमणीला मागं एक बोट असतं गं. भावोजींनी पुढची तीनच काढली, मागचं विसरले."

"मग इतकी वर्षं तांदूळ कशाला टाकतेस?"

आई माझ्याकडे बघत राहिली, मी वर्गातल्या ढ पोरीकडे बघते तशी. "आपली वहिनी उठावी म्हणून तो माणूस पहाटे उठून पिठात बोटं घालत बसला. मग उठायला नको?"

कार्मेन, आईला कळू नये म्हणून मी इतकी वर्षं शेजारणींशी भांडले. आणि ती माझ्यासाठी गप्प होती, पोरीला वाटतंय चिमणी तर वाटू दे म्हणून.

 चिमण्या कठड्यावर येऊन ओरडत होत्या. मी उठले आणि तांदळाचा डबा आईसमोर नेऊन ठेवला.

मॅथ्यूच्या लग्नाला येतेय. आईलाही आणते, तिला शेवंतीला बघायचंय.

विमल